शंभरातले एक्क्याऐंशी

प्राचार्यबाईंचे परिपत्रक सोमवारी सकाळी शिक्षकांच्या खोलीत फिरले. प्रत्येकाने ते वाचले, सही केली आणि शेजाऱ्याकडे सरकवले. शिकवण्यात काहीतरी नवे करून दाखवायचे होते. प्रत्येक विषयाने पंधरा दिवसांत निदान एक नवी कल्पना वर्गात राबवायची आणि तिचा अहवाल द्यायचा. ज्या विषयाच्या तासाला मुलेच येत नाहीत, तो विषय पुढच्या वर्षी ठेवायचा की नाही, हे व्यवस्थापन समिती त्यानंतर ठरवणार होती. हे शेवटचे वाक्य कोणासाठी आहे ते सांगायची गरज नव्हती. सही करता करता प्रत्येकाने खिडकीजवळच्या खुर्चीकडे एक नजर टाकून घेतली.

त्या खुर्चीत संख्याशास्त्राचे प्राध्यापक बसत. मुले त्यांना सरासरी सर म्हणत. थोडे विषयामुळे आणि थोडे त्यांची उंची, आवाज आणि सदरे हे सगळेच मध्यम असल्यामुळे. बावीस वर्षे ते एकाच वहीतून शिकवत होते. वहीची पाने पिवळी पडून कडेने चुरा होत होती. एका पानाच्या समासात त्यांनी तरुणपणी ‘येथे विनोद’ असे लिहून ठेवले होते, पण कोणता ते लिहायचे राहून गेले होते. त्यामुळे गेली काही वर्षे ते त्या ठिकाणी नुसतेच थांबत आणि मग पुढे जात.

त्यांच्या वर्गाच्या पटावर बेचाळीस नावे होती. तासाला नऊ-दहा मुले येत आणि त्यातली चार जागी असत. बाकीची खिडकीखालच्या सायकल स्टँडवर असत. वर्गात बसून त्यांना पाहता येई, आणि बरेचदा त्यांनाही सर दिसत.

परिपत्रकाची झळ सरांना घरापर्यंत जाणवली, कारण घरीही त्यांच्या विषयाला फारशी मागणी नव्हती. त्यांच्या बायकोचे पुढच्या खोलीत शिवणकामाचे दुकान होते. तिथे कोट, गणवेश आणि पडदे शिवून मिळत. मुलगी शाळा संपल्यापासून आईच्या हाताखाली काम करत होती. तिला घरात मुंगी म्हणत, कारण लहानपणापासून ती या खोलीतून त्या खोलीत रिकाम्या हाताने गेल्याचे कोणाला आठवत नव्हते. सहा महिन्यांत ती कटिंग शिकली होती आणि आता गिऱ्हाईक आले की आधी तिलाच शोधत असे. तिने कॉलेजात जावे, असे सरांना वाटत होते. जायची काय गरज, असे तिला वाटत होते. दोघेही शांत स्वभावाचे असल्यामुळे हे भांडण आवाज न होता आठ महिने चालले होते. सरांनी प्रवेशअर्ज आणून शिलाई मशिनवर ठेवला, तर तिने त्याच्या पाठीवर कोटाच्या बाहीचा आराखडा काढला. सरांनी दुसरा आणून ठेवला. त्याच्यावर दुसरी बाही निघाली.

रात्रीच्या जेवणाला सरांनी परिपत्रकाचा विषय काढला. नवीन कल्पना कुठून आणायची, असे ते भाजी वाढून घेताना दोनदा म्हणाले. बायकोने कात्रीने कापड कापावे तसा प्रश्न मधोमध कापला.

“माझ्याकडे कोणी आलं की मी आधी विचारते, तुम्हाला काय हवंय,” ती म्हणाली. “तुम्ही बावीस वर्षांत पोरांना कधी विचारलंत का?”

सरांनी कधीच विचारले नव्हते. दुसऱ्या दिवशी त्यांनी वही मिटून टेबलावर ठेवली आणि समोरच्या अकरा मुलांना विचारले, की तुम्हाला स्वतःहून काय जाणून घ्यावेसे वाटते. वही मिटलेली पाहूनच एक जण जागा झाला. मग शेवटच्या बाकावरची मुलगी उभी राहिली. ती कोणत्याही गोष्टीवर वाद घाले म्हणून तिला वर्गात वकील म्हणत.

“राग येणार नसेल तर सांगते, सर,” ती म्हणाली. “इथे येऊन काही उपयोग होतो का, एवढंच जाणून घ्यायचंय आम्हाला.”

सरांना राग आला. तो क्षणभर टिकला आणि मग त्यांच्या लक्षात आले, की या प्रश्नाचे उत्तर मोजता येण्यासारखे आहे. बावीस वर्षे ते मुलांना काल्पनिक दिव्यांचे काल्पनिक आयुष्य मोजायला लावत आले होते. आयुष्यात पहिल्यांदा वर्गाने मोजण्याजोगी गोष्ट मागितली होती. त्यांनी खडू उचलला आणि मुलांकडून बोलवून घेत तिथल्या तिथे प्रश्नावली तयार केली. काम काय करता, किती वर्षे करता, कॉलेजात गेला होता का, त्याचा कामात उपयोग झाला का, आणि आणखी काही सांगायचे असल्यास. नाव लिहायचे नाही, तारीख आणि वेळ मात्र टाकायची. वरती ठळक अक्षरांत, आपले उत्तर गुप्त राहील. प्रत्येक विद्यार्थ्याने नोकरी-धंदा करणाऱ्या दहा लोकांना विचारायचे. याला दहा गुण ठेवले आहेत, असे त्यांनी सांगताच ती बातमी सायकल स्टँडवर पोचली आणि तासाभरात पटावरच्या बेचाळीसही जणांना माहीत झाली.

चार दिवसांत चारशे वीस कागद भरून आले. सर हरखून गेले. गठ्ठा वर्गातच मोजला. वकील फळ्यावर रेघा मारत होती आणि बाकीचे ओरडून सांगत होते. ‘हो’च्या बाजूला ऐंशी रेघा झाल्या, ‘नाही’च्या बाजूला तीनशे चाळीस. शंभरातल्या एक्क्याऐंशी लोकांना कॉलेजचा काही उपयोग झाला नव्हता. वर्गात आनंदीआनंद झाला. सरांना उत्तर बोचले, पण वर्गात त्या दिवशी अठ्ठावीस डोकी होती, त्यामुळे ते फार खोलात गेले नाहीत. मिळालेला निष्कर्ष नेहमी लोकांसमोर मांडावा, एवढे सांगून ते तास संपवून निघाले.

लोक म्हणजे वर्गातले लोक, असे त्यांच्या मनात होते. वकिलीणबाईंनी लोक म्हणजे लोक असा अर्थ घेतला. तिने रात्रीतून एका मोठ्या पुठ्ठ्यावर लाल-काळ्या रंगात आलेख काढला आणि सकाळी कॉलेजच्या मुख्य फाटकाशी, जिथून सगळे आत येतात तिथे, तारेने बांधला. ‘कॉलेजचा उपयोग झाला का? शंभरातले एक्क्याऐंशी म्हणतात, नाही.’ खाली, श्रेय ज्याचे त्याला मिळावे म्हणून, ‘संख्याशास्त्र विभाग’.

पुढच्या वर्षाचे प्रवेशअर्ज द्यायला त्याच सकाळी सुरुवात झाली होती.

आदल्या वर्षी पहिल्या दिवशी दीडशेवर अर्ज गेले होते. या वर्षी दुपारपर्यंत तेवीस गेले आणि त्यातले चार परत आले. पालक फाटकाशी थांबत, पुठ्ठा वाचत, मुलांकडे बघत आणि मुले त्यांच्याकडे बघत. एका गृहस्थांनी खिडकीशी येऊन, हे खरे आहे का, असे हेडक्लार्कना शांतपणे विचारले. आमच्याच विभागाने काढले आहे म्हणजे खरेच असणार, असे हेडक्लार्क सवयीने बोलून गेले. ते गृहस्थ मुलाला घेऊन आल्या वाटेने गेले. एका बाईंना वेगळीच शंका होती. ज्या एकोणीस जणांना उपयोग झाला त्यांनी कोणता विषय घेतला होता तेवढे सांगा, आम्ही तोच घेतो, असे म्हणून त्या खिडकी सोडायला तयार नव्हत्या. त्यांच्या मागे रांग लागली, आणि रांगेला कारण समजल्यावर तिलाही तेच हवे झाले.

साडेबाराला प्राचार्यबाईंनी सरांना बोलावले. त्या ओरडल्या नाहीत, हे जास्त वाईट होते. समितीचे अध्यक्ष सोमवारी येणार आहेत, त्यांना फाटकावरून फोन गेलेला आहे, आणि तुम्ही ते चारशे वीस कागद घेऊन त्यांच्यासमोर बसणार आहात, असे त्यांनी सांगितले. पुढच्या वर्षी विषय ठेवायचा की नाही, या प्रश्नाला आता फारसा अर्थ उरलेला नाही, कारण पुढच्या वर्षी कॉलेज ठेवायचे की नाही असा प्रश्न तुम्ही काढला आहे, असेही त्या म्हणाल्या. पुठ्ठा खाली उतरवण्यात आला. पण तोवर त्याचा फोटो प्रत्येकाच्या फोनवर पोचला होता.

तो सरांच्या घरीही पोचला होता. संध्याकाळी ते चहाला बसले तेव्हा मुंगीने फोन त्यांच्या कपाशेजारी ठेवला. खालच्या ओळीवर तिने फक्त बोट ठेवले.

“अशा निष्कर्षांकडे इतकं सरळ बघायचं नसतं,” सर म्हणाले.

“मग तिरकं कसं बघायचं ते दाखवा,” मुंगी म्हणाली.

म्हणून सरांनी पिशवीतला गठ्ठा बाहेर काढला आणि दुकानातल्या कटिंगच्या लांब टेबलावर पसरला. मुलीला खोटे पाडायचे या एकाच हेतूने ते कागद वर-खाली करत होते. मुंगीही समोर उभी राहून एकेक कागद वाचू लागली, आणि तिच्या हाताची सवयच अशी, की वाचता वाचता ती ते कापडाच्या तुकड्यांसारखे जातवार लावत गेली. अर्ध्या तासात टेबलावर थोडेसेच पण जाडजाड ढीग झाले. मग ती थांबली.

“बाबा, आपल्या गावात ग्रंथपाल किती आहेत?”

सरांनी विचार केला. कॉलेजचे एक होते. शाळेत पूर्वी एक होते, पण ते गेले.

“मग इथे एकतीस कसे?”

सरांनी चष्मा पुसला. एकतीस कागदांवर ‘काम काय करता’ यापुढे ग्रंथपाल असे लिहिले होते. एकोणतिसांवर हेडक्लार्क. चोवीस कागदांवर प्रयोगशाळा सहायक होते, आणि सगळ्यांनी ते काम सतरा वर्षे केले होते. सरांनी फक्त ‘हो’ आणि ‘नाही’ मोजले होते. बाकीचे रकाने त्यांनी वाचलेच नव्हते. बावीस वर्षे हेच करू नका म्हणून ते शिकवत आले होते.

त्यांनी वकिलीणबाईंना फोन केला. तिने फारसे आढेवेढे न घेता कबूल केले. ऊन फार होते. नोकरी-धंदा करणारी दहा माणसे शोधायला गावात कुठे फिरणार, आणि कॉलेजात तर ती पंख्याखाली बसलेली आयती सापडत होती. अशी युक्ती आपल्याला एकटीलाच सुचली आहे असे तिला वाटले होते. ती बेचाळीसही जणांना एकएकट्याने सुचली होती.

पुढचे मुंगीने शोधले. कागदांवर तारखा आणि वेळा होत्या. तिने ग्रंथपालांचे एकतीस कागद वेळेप्रमाणे लावले आणि बापलेक ते क्रमाने वाचत गेले. पहिल्या कागदावर ग्रंथपालांनी लिहिले होते, ‘होय, फार उपयोग झाला. कॉलेजमुळेच मला वाचनाची गोडी लागली.’ चौथ्यावर नुसते ‘होय’. सातव्यावर ‘बऱ्यापैकी’. अकराव्यावर ‘नाही’. एकोणिसाव्यावर ‘अजिबात नाही’, आणि पंचविसाव्याच्या शेवटी, आणखी काही सांगायचे असल्यास या जागी, ‘कृपया दुसऱ्या कोणाकडे जा’. हेडक्लार्क सहाव्या कागदालाच फिरले होते. कॉलेजचा उपयोग झाला का, हे कोणी मोजलेच नव्हते. एका माणसाला तोच प्रश्न किती वेळा विचारला की तो चिडतो, हे मात्र अगदी अचूक मोजले गेले होते.

सर इतके हसले की आतून बायको बघायला आली. मग त्यांचे हसणे ओसरले आणि त्यांनी मुलीकडे पाहिले.

“तुझ्याच बाजूचा पुरावा होता हा. तूच मोडलास.”

“खोटं माप ठेवून काय करायचं,” मुंगी म्हणाली. “बसणार थोडंच आहे अंगाला.” आणि ढीग बांधायला तिने टेबलाखालून नाडी काढली.

बांधता बांधता तिला एक लहानसा ढीग वेगळा दिसला. त्यात सहाच कागद होते. काम या रकान्यात ‘प्रशासन’ लिहिले होते आणि सगळे कागद हिरव्या शाईने भरले होते. सरांनी ती शाई ओळखली. गावात कोणीही ओळखली असती. परिपत्रकांवर तीच असे. सहावा कागद प्रवेश सुरू व्हायच्या आदल्या दिवशीचा होता, आणि शेवटच्या जागी लिहिले होते, ‘कॉलेजने मला फक्त डोकेदुखी दिली आहे’.

सोमवारी समिती बसली. लांब टेबलाच्या एका टोकाला अध्यक्ष होते. त्यांची लाकडाची वखार होती. ते स्वतः कधी कॉलेजात गेले नव्हते आणि ते लपवतही नसत. मध्ये दोन सदस्य आणि हेडक्लार्क, दुसऱ्या टोकाला प्राचार्यबाई. सरांनी नाडीने बांधलेला गठ्ठा मांडीवरच ठेवला होता.

ही माणसे कोण, असे अध्यक्षांनी पहिल्याच दमात विचारले. एवढी चारशे वीस नाराज माणसे आपल्या गावात आहेत आणि मला माहीत नाही, हे त्यांना पटत नव्हते. एका सदस्याने सुचवले, की कागद इथे टेबलावर पसरा, आपण सगळेच वाचू. प्राचार्यबाईंनी ताबडतोब मान डोलावली आणि सरांपुढे हात केला.

सर अडचणीत आले. कागद पसरले तर ते सुटणार होते. अर्ध्या मिनिटात सगळ्यांना कळले असते, की चूक विषयाची नाही, आळसाची आहे. पण प्रत्येक कागदाच्या माथ्यावर आपले उत्तर गुप्त राहील, असे छापलेले होते, आणि ते वाक्य त्यांनी स्वतः घातले होते. शिवाय हेडक्लार्क समोरच बसले होते आणि गठ्ठ्याकडे पाहून त्यांना घाम फुटू लागला होता. सर उठले, टेबलाला वळसा घालून प्राचार्यबाईंच्या खुर्चीशी गेले आणि वाकून हळूच बोलले.

“बाई, यात हिरव्या शाईचे सहा आहेत.”

प्राचार्यबाईंनी हात मागे घेतला. व्हरांड्यात दर वेळी नवीनच मुलगी समोर येऊन उभी राहत होती आणि आपण घाईघाईत काहीबाही लिहून तिला वाटेला लावत होतो, हे त्यांना एकेक करून आठवत असावे. त्या घसा साफ करून उभ्या राहिल्या. लोकांना दिलेला शब्द संस्थेने पाळलाच पाहिजे, विश्वासाशिवाय शिक्षण नाही, आणि हे कागद कोणत्याही परिस्थितीत उघडता येणार नाहीत, असे त्यांनी इतक्या तळमळीने सांगितले की दोन्ही सदस्य खजील झाले. हेडक्लार्कनी जोरात दुजोरा दिला. त्या दिवसापासून बाई निळी शाई वापरू लागल्या.

अध्यक्ष मात्र तेवढ्यावर थांबणारे नव्हते. कागद राहू देत, पण आकडा खरा की खोटा ते सांगा, असे त्यांनी सरांना विचारले. सरांनी नावे न घेता सांगितले. मुलांनी जवळच्या जवळ, सोयीच्या माणसांना विचारले. पुन्हा पुन्हा त्याच माणसांना विचारले. त्यामुळे आकडा मोजायला बरोबर असला तरी गावाबद्दल तो काहीच सांगत नाही. हे समजावून सांगायला वर्गात त्यांना तीन तास लागत आणि तरी ते समजत नसे.

“म्हणजे गाडीतल्या वरच्याच फळ्या बघितल्या,” अध्यक्ष म्हणाले. “माल आला की मी कधी वरची फळी बघत नाही. मधून ओढतो, खालून ओढतो, डोळे मिटून ओढतो. असंच ना?”

सरांना बावीस वर्षांत असा विद्यार्थी मिळाला नव्हता. असंच, असे ते म्हणाले. मग अध्यक्षांनी निर्णय दिला. पुन्हा करा. आठ दिवसांत करा. डोळे मिटून माणसे काढा, आणि जे निघेल ते त्याच फाटकावर लावा. चांगले निघो नाहीतर वाईट.

दुसऱ्या दिवशी वर्गात एकोणचाळीस मुले होती. आपल्यामुळे काय काय घडले ते ऐकायची उत्सुकता होती. सरांनी सगळे सांगितले, फक्त शाईचे सांगितले नाही. कागद वेळेप्रमाणे लावायची कल्पना कोणाची, असे वकिलीणबाईंनी विचारले. माझ्या मुलीची, असे सर म्हणाले. मग तिलाच घेऊन या, आम्ही पुन्हा गोंधळ घालणार नाही याची काय खात्री, असे वर्गाचे मत पडले.

मुंगी बुधवारी आली. गळ्यात टेप तशीच होती, कारण दुकानातून ती अर्ध्या तासासाठी म्हणून निघाली होती. तिने प्रश्नावली वाचली आणि पहिल्यांदा प्रश्नालाच हात घातला. उपयोग झाला का, हा काय प्रश्न आहे, असे ती म्हणाली. कोणी येऊन मला विचारलं की कोट चांगला झाला का, तर मी विचारीन, ऊब मिळते का, दिसतो बरा का, की खिसे पुरतात. वकिलीणबाईंना हे पटले नाही. दोघींचा वाद तास संपून पुढच्या तासावर गेला. भूगोलाचे सर दाराबाहेर ताटकळले आणि मग आत येऊन मागच्या बाकावर बसले. शेवटी एका प्रश्नाचे पाच झाले. गावातल्या सगळ्या घरांचे क्रमांक चिठ्ठ्यांवर लिहून एका रिकाम्या खोक्यात टाकले आणि प्रत्येकाने डोळे मिटून पाच-पाच काढल्या. एका माणसाला एकदाच विचारायचे, हे सरांनी फळ्यावर लिहून त्याखाली दोन रेघा ओढल्या.

या खेपेला मुले खरोखर फिरली. एका मुलाला तिसऱ्या घरी मुलाखतीऐवजी अडकलेले कपाट सरकवावे लागले. एकीला एका निवृत्त इंजिनियरने तीन तास सोडले नाही. एका पठ्ठ्याच्या चिठ्ठीत त्याच्याच काकांचे घर निघाले, आणि काकांनी कॉलेजबद्दल जे सांगितले ते त्याच्या वडिलांना कळले तर काय होईल, या काळजीने तो दोन दिवस गप्प होता. सरांच्या स्वतःच्या घराचाही क्रमांक निघाला. परत आलेल्या कागदांत एकावर शिंप्याच्या खडूची निळी धूळ होती. त्यांच्या बायकोने लग्नाआधी कॉलेज दुसऱ्या वर्षात सोडले होते. का, आणि त्याचे तिला काय वाटते, हे वीस-पंचवीस वर्षांत त्यांनी कधी विचारले नव्हते. उत्तर त्यांच्या हातात पालथे पडले होते. त्यांनी ते न उलटता वकिलीणबाईंकडे दिले आणि हा तू मोज, असे सांगितले. त्या संध्याकाळी मात्र त्यांनी दुकानात स्टूल ओढून बायकोजवळ बसून तोंडीच विचारले. ती मशिन थांबवून बराच वेळ बोलत होती. काय बोलली ते गुप्त ठेवायचे त्यांनी ठरवले.

निकाल लागला तो कोणाच्याच सोयीचा नव्हता. उपयोग झाला म्हणणारे शंभरात चौपन्न निघाले, नाही म्हणणारे सेहेचाळीस. जे कॉलेजात गेले होते त्यांतल्या बऱ्याच जणांना, तेवढ्या वर्षांत एखादे काम शिकलो असतो तर बरे झाले असते, असे वाटत होते. जे गेले नव्हते त्यांतल्या तेवढ्याच जणांना, एकदा जाऊन बघायला हवे होते, असे वाटत होते. सगळ्यात जास्त मते पडली ती एका अनपेक्षित उत्तराला. कॉलेजात काय मिळाले, तर एक तरी माणूस भेटला जो आपल्याशी नीट भांडला, असे कितीतरी लोकांनी आपापल्या शब्दांत सांगितले होते.

वकिलीणबाईंनी हे सगळे नवीन पुठ्ठ्यावर लिहून फाटकाशी बांधले. पालक थांबत, वाचत, डोके खाजवत आणि काहीच ठरवता न आल्यामुळे अर्ज घेऊन टाकत. आठवड्याच्या शेवटी हेडक्लार्ककडचे अर्ज संपले आणि नवीन छापायला टाकावे लागले. विषय पुढच्या वर्षीही राहील, असे समितीचे पत्र आले.

मुंगीने अर्ज भरला नाही. शेवटची तारीख आली आणि गेली. सर त्या दिवशी सकाळपासून घरात काही ना काही शोधत फिरत होते, पण एक शब्द बोलले नाहीत, आणि ते त्यांना किती जड गेले हे बायकोने पाहिले. मात्र सोमवारी सकाळी सर तासाला गेले तेव्हा दुसऱ्या बाकावर वकिलीणबाईंशेजारी मुंगी बसलेली होती. मंगळवारीही होती. तासाला यायची, भांडायची आणि तास संपला की दुकानात निघून जायची. परीक्षा नको, दाखला नको, मला फक्त ते फळीचं पुढे काय होतं ते कळायला हवंय, असे तिने घरी सांगितले होते. सरांची जुनी वही कपाटात गेली. वर्ग रोज भरू लागला, कारण ज्याला यायला उशीर होई त्याच्या गैरहजेरीत त्याच्या मताचा पार धुव्वा उडालेला असे. सर रोज डोकी मोजत आणि जो आकडा येईल तो इमानाने हजेरीपत्रकात लिहीत.

महिनाअखेरीला कार्यालयातून त्यांना खुलासा मागणारे एक पत्र आले. आपल्या वर्गाच्या पटावर बेचाळीस विद्यार्थी असताना रोज त्रेचाळीस उपस्थित दाखवले आहेत. हजेरी शंभरातल्या एकशे दोन जणांची कशी होते, याचा लेखी खुलासा तीन दिवसांत करावा. संगणक हा आकडा घेत नाही, असे हेडक्लार्कनी तोंडी सांगितले.

सर शिक्षकांच्या खोलीत खिडकीशी बसले आणि त्यांनी खुलासा लिहायला घेतला. दोन मसुदे त्यांनी फाडले. तिसरा एकाच ओळीचा झाला.

‘वर्गात एक व्यक्ती अशी येते, जिला येण्याची काहीही गरज नाही.’

दोन दिवसांनी कागद परत आला. खाली प्राचार्यबाईंचा शेरा होता. ‘खुलासा मान्य. अशा आणखी काही व्यक्ती मिळतात का, ते पाहावे.’